जॉइनर

चिनावलच्या शिवारात तेव्हा प्रत्येक नळीचं
आपलं आपलं खानदान होतं.
कुणाची बारा, कुणाची साडेतेरा,
आमची तर कुठल्याच पट्टीवर न बसणारी,
आप्पांनी बोदवडच्या बाजारातून वजनावर आणलेली.
एकीचा जॉइनर दुसरीत गळायचा,
म्हणून आप्पांच्या बंडीच्या खिशात कायम
सायकलच्या ट्यूबच्या कापलेल्या पट्ट्या.
“आपली नळी आपल्यालेच बसते,” म्हणायचे,
आणि दातांनी गाठ आवळायचे.

आता सगळं सोळा.
सोळाची नळी, सोळाचा कॉक, सोळाची बुची.
रोपंसुद्धा एकाच बाटलीतून ओतल्यासारखी,
एका उंचीची, एका आठवड्यात निसवणारी.
मृगबाग, कांदेबाग ही आप्पांची कालगणना;
मुलगी मोबाइल बघून सांगते,
आज एकशे बारावा दिवस, पोटॅश सोडा.
शेडमधला तक्ता कुणाचंच ऐकत नाही,
सुकी नदीचंही नाही.

खोटं कशाला बोलू, घड भरतात.
गेल्या साली पेट्या समुद्रापार गेल्या.
केसभर जास्त वाकलेल्या फण्या तेवढ्या
बांधावर राहिल्या, त्या आम्ही खाल्ल्या.
गोड होत्या.

वैशाखात, रात्री दोनला लाईट आली
आणि मेनजवळचा जॉइनर चिरला.
पाणी सगळं गाडवाटेवर.
पिशवी रिकामी, दुकान सावद्याला, उघडणार नऊला.
बॅटरीच्या झोतात पलीकडं निंबा फेगडेची बाग,
ज्याच्याशी सात वर्षं बोलणं नाही,
दीड हात बांधापायी.
कापणी झालेल्या ओळीच्या टोकाला
त्याचा एक जॉइनर नुसताच लोंबत होता.

उपटला. बसवला.
टक्.
एक थेंब गळाला नाही.
त्याचा तुकडा माझ्या नळीत इतका बिनबोभाट बसलेला पाहून
मला रागच आला थोडा.
कुणाचा, ते कळलं नाही.
चिखलात पाय तसेच ठेवून
पहाटेपर्यंत मोटरीचा आवाज ऐकत बसलो.

सकाळी नवा आणला,
त्याच्या ओळीला लावून आलो. हाक मारली नाही.

दुपारी केळीच्या पानाआडून पाहिलं,
निंबा ओणवा होऊन तो फिरवून बघत होता.
माझ्या बागेकडं एकदा मान वळवली.
मग खिशात हात घातला, सवयीनं असेल,
आणि न गळणाऱ्या त्या जॉइनरवर
ट्यूबची पट्टी गुंडाळली,
दातांनी गाठ आवळली.