सात किलो

विमानात नेता येतं फक्त सात किलो,
असं फिलूने कॅलेंडरवर गॅसच्या तारखेशेजारी लिहून ठेवलेलं.
हनोईला अजून एकोणीस दिवस होते.
म्हणून मंगळवारी, भर दुपारी, भरलेल्या सॅक पाठीवर टाकून
आम्ही दोघी कोपरीहून निघालो.
सराव म्हणून.
आपल्याच गावात, बावन्नाव्या वर्षी.

पुलावरून पश्चिमेला उतरेपर्यंत
माझ्या खांद्यांनी दोनदा राजीनामा दिला.
फिलू पुढे. तिच्या सॅकच्या पट्ट्याला शिट्टी आहे, शिवलेली.
म्हणाली, तुझ्याही आहे बघ, हरवलीस तर वाजव.
मी म्हटलं, ठाण्यात?
माझं सगळं ठाण्यातच हरवतं गं, म्हणाली,
आणि पाण्याची बाटली उघडून गटगट प्यायली.

जांभळी नाक्यावर तिने मला रस्त्याच्या कडेला उभं केलं.
तिकडे म्हणे कोणी थांबत नाही आपल्यासाठी.
हजार स्कूटर अंगावर येतात आणि आपण चालत राहायचं.
सावकाश. पळायचं नाही.
मागे तर अजिबात फिरायचं नाही.
भरल्या पंगतीतून आमटीची बादली घेऊन वाढपी जातात ना,
तशा त्या जातात, थेंब न सांडता.

मी पाय टाकला.
झेंडूची हातगाडी गेली, कोथिंबिरीच्या जुड्यांनी लादलेली स्कूटर गेली,
एक रिक्षावाला मान बाहेर काढून
माझ्या घराण्याची चौकशी करून गेला.
मी मधोमध थिजले.
फिलू पलीकडे कधीच पोचलेली, केळ्यांचा भाव करत होती.
हात द्यायला आली नाही.

एका बाईला वाटलं, आम्ही पाण्याचे फिल्टर विकतो.
क्लासला निघालेला एक मुलगा सायकलवरून,
आंटी, व्हेअर फ्रॉम?
फिलू म्हणाली, कोपरी.
तो क्षणभर थांबला.
विच कंट्री?

राबोडीत नफीसभाईच्या भंगाराच्या काट्यावर
रद्दीचे गठ्ठे बाजूला सारून आम्ही सॅक ठेवल्या.
माझी अकरा किलो चारशे.
काढलं: मेतकूट, छोटी इस्त्री, दुसरी चादर,
आणि नवऱ्याने कोंबलेली टॉर्च, जिला चार मोठे सेल लागतात.
फिलूची नऊ दोनशे.
तिने कपडे काढले, चपला काढल्या, शाम्पू काढला.
तळाशी पंचात गुंडाळलेलं एक कुलूप निघालं.
पितळी, अर्ध्या नारळाएवढं.

हे कशाला?
होस्टेलमध्ये लॉकर असतो, म्हणाली.
किल्ली?
ती काही बोलली नाही.
नफीसभाईंनी कुलूप तळहातावर झुलवलं,
साडेपाचशे देतो, म्हणाले, पितळ चांगलंय.
फिलूने ते पुन्हा पंचात गुंडाळलं
आणि आणखी एक सलवार-कमीज बाहेर काढला.
काटा सातवर आला.
थोडा पुढेच होता, पण नफीसभाई म्हणाले, चलता है.

संध्याकाळी मासुंद्याच्या कट्ट्यावर केळी खाल्ली.
हनोईतही भर शहरात तळं आहे म्हणे,
तिथे कासव आहे की होतं, यावरून आमचं वाजलं.
दिवे लागले. पाय सुजलेले.
रिक्षा करू, म्हटलं.
सराव आहे, म्हणाली.

चर्चमागच्या गल्लीतून निघालो.
कोपऱ्यावर निळे पत्रे लागलेत, तिथे तिची बिल्डिंग होती.
पत्र्यावर चित्रातला टॉवर,
चित्रातल्या गॅलरीत चित्रातली बाई कॉफी पिते.
मी रस्त्यात उतरले. सावकाश.
एक बस गेली, दोन टेम्पो,
आणि मला जमलं, खरंच जमलं,
पंगतीतून चालावं तशी मी पलीकडच्या फुटपाथपर्यंत आले.

तेवढ्यात शिट्टी वाजली.
मागून.
फिलू मधोमध उभी होती,
तोंडात पट्टा, नजर पत्र्यांकडे,
दोन्ही बाजूंनी हॉर्न.

मी मागे फिरले.
हात धरला. तळवा गार होता आणि केळ्याने चिकट.
पलीकडे यायला आम्हाला चारेक मिनिटं लागली असतील.

हे सरावात धरू नकोस,
ती म्हणाली.