गहाळ पार्सले

जीपीओच्या सॉर्टिंग हॉलमध्ये मे महिन्यात
डिंक आपोआप पातळ व्हायचा,
कूलरमधून गार हवेऐवजी नुसता आवाज यायचा,
आणि दौलत ठवरे खणाखणांत पत्रं फेकता फेकता
मधेच थांबून म्हणायचे, "निन्कम्पूप!"
पोस्टमास्तरांना अर्थ ठाऊक नव्हता,
म्हणून ते चिडत नसत.

सदरच्या रद्दीवाल्याकडून किलोवर आणलेल्या
कव्हर नसलेल्या जुन्या कादंबऱ्या.
त्यांत विलायतेतले रिकामटेकडे उमराव,
जिन्यावरून घसरणारे बिशप,
आणि अशा आत्या, की त्या दिवाणखान्यात आल्या
तर पियानो आपणहून झाकण लावून घेई.
ठवरे इंदोऱ्याहून सायकलनं येत.
मोतीबागचं फाटक बंद मिळालं की एक पान.
छोट्या लाईनची गाडी, तिला कुठली घाई,
बहुतेक वेळा दोन पानं होत.
त्यांचं अर्धं इंग्रजी नॅरोगेजवर झालं.

एक रजिस्टर होतं, खात्याचंच,
वर छापलेलं: गहाळ पार्सले.
डावीकडे सापडलेला शब्द,
उजवीकडे त्याचा आपल्याकडचा सोयरा.
निन्कम्पूप: भैताड.
फ्लमॉक्स्ड: गाय दारात उभी अन् मालक गोठ्यात पाहून राहिला.
पॉपीकॉक: इथं तीन नोंदी, तिन्ही खोडलेल्या,
(मी उजेडात धरून वाचल्या, सांगणार नाही)
चौथी शाईनं: उगाच.

"हे शब्द ज्यानं पहिल्यांदा केले ना,
त्याच्या पायात चप्पल नव्हती बावा, लिहून ठेव.
कोटवाल्यानं मंग उचलले."

मी तेव्हा नवा, बीए इंग्लिश,
म्हणजे इंग्रजी येत नसल्याचं सर्टिफिकेट असलेला.
कस्तुरचंद पार्कसमोर तर्री-पोह्याच्या ठेल्यावर
ते मला मोठ्यानं वाचायला लावत.
तर्रीनं माझं नाक वाहतंय, डोळे वाहतायत,
आणि हे म्हणतात, "हास ना गा, इथं हसाचं असते.
तो गंभीर तोंडानं सांगून राहिला,
आपण त्याच्या तोंडाकडं नाही पाहाचं."

एकदा उशिराबद्दल मेमो निघाला.
ठवरेंनी उत्तर दिलं, रीतसर, तीन प्रतींत:
ऑफिसचं घड्याळ आणि मी यांच्यात
बावीस मिनिटांचा मतभेद आहे.
घड्याळ सेवाज्येष्ठ असल्यामुळे मी वाद घातला नाही.
अर्धा दिवस कापला गेला.
चौथी प्रत हेडक्लार्क बोकारेंनी
गुपचूप टाईप करून घरी नेली.

निवृत्तीनंतर दुसऱ्याच वर्षी डावं तोंड वाकडं झालं.
मेयोच्या वॉर्डात एकोणीस दिवस
एक अक्षर नाही.
पार्बताबाई चमच्यानं पेज भरवत,
मी डासांना हाकलत बसे, दुसरं काय येत होतं.
विसाव्या दिवशी शिकाऊ डॉक्टर पोरगी वाकली:
"बाबा, तुमचं नाव काय?"
ओठ बराच वेळ खण शोधत राहिले,
जसा एखादा अर्धवट पत्त्याचा लिफाफा.
मग आलं:
"पॉ... पी... कॉक."

तिनं चार्टवर लिहिलं, असंबद्ध.
पार्बताबाईंनी चमचा खाली ठेवला,
पदरानं माझ्याच शर्टावरची पेज पुसली
आणि म्हणाल्या, "आले वापस."

रजिस्टर आता माझ्याकडे आहे.
शेवटच्या पानावर कारभार उलटा:
डावीकडे आपला शब्द, उजवीकडे इंग्रजीची जागा.
एकच नोंद. "हाव ना."
जो होकार असतो, टोमणा असतो,
कोणाचं माणूस गेल्यावर त्याच्या शेजारी बसणंही असतं,
आणि कधी नुसतं, पुरे कर आता बापा.
समोर पेन्सिलीनं, थरथरत्या उजव्या हातानं:

चौकशी चालू आहे.
पार्टी पत्त्यावर सापडत नाही.