डावरी

साखर पेठेत आमची हॉकी
मागाच्या मोडक्या पिकिंग स्टिकनं चालायची.
धोट्याला मारून मारून तिचं टोक चिरलं, की
नरसय्यामामा ती खिडकीतून खाली टाकायचा.
सरळसोट लाकूड, वाक नाही,
उलटी-सुलटी बाजू नाही.

चेंडू म्हणजे चादरीच्या किनारीचं सूत, वरून सायकलची ट्यूब.
एक गोल गड्डमांच्या पायरीत,
दुसरा मुनाफच्या लुनाखाली;
लुना जागेवर नसली, तर भांडण.
पाय लागला तरी चालायचं.
गटारातून ज्यानं चेंडू काढला, चेंडू त्याचा.
अंबूबाई विड्यांचं सूप घेऊन निघाली
की सगळे दगड.
पान उडता कामा नये,
हा एक नियम कुणी मोडला नाही.

लाईट गेली की माग गप्प,
आणि बनियनवरचे बाप्ये गल्लीत.
सहाचा संघ सतराचा.
लाईट आली, सामना संपला.

मग शाळेचं मैदान. चुन्याच्या रेषा.
खरटमल सरांनी हातात खरी स्टिक दिली,
एक बाजू सपाट, एक गोल.
मी धरली माझ्या सवयीनं, डावा हात खाली.
सर म्हणाले, "डावऱ्यांची स्टिक खेळात नसते, बाळ.
तू एकटी नाहीस. कुणालाच नसते."

पहिल्याच सामन्यात बाजूनं दोघी अंगावर आल्या,
मी चेंडू भिंतीला दिला
आणि पुढं धावले, तो परत घ्यायला.
भिंत नव्हती.
शिटी वाजली. प्रेक्षकांत कोणी तरी हसलं.

महिनाभर हात उलटे केले.
जेवताना चमचासुद्धा.
नंतर कळलं, स्टिक फिरवते ती वरची मूठ, डावीच.
उजवा नुसता सोबतीला.
हे सरांनी आधी सांगितलं असतं तर.
(सांगितलंही असेल. मी रागात होते.)

जिल्ह्याकडून चार वर्षं खेळले.
पायाला चेंडू लागला की अजूनही
मी आधी पंचाकडं बघते.

यंदा गल्लीत गेले. नरसय्यामामाच्या शेडात
रॅपिअर माग बसलेत. धोटाच नाही,
मग स्टिक कुठून मोडणार?
पोरं प्लॅस्टिकच्या पायपानं खेळतात.
भाचीला मी माझी जुनी स्टिक दिली.
तिनं डाव्या हातानं पकडली,
गोल बाजूनं हाणली.
"फाऊल!" मी ओरडले.
"म्हंजे काय गं मावशी?"
तोवर भिंतीनं
चेंडू तिला परत दिलेला.