ऊन दगड

ताराबाई पार्कातल्या हॉटेलात
तासाचे अठ्ठावीसशे घेतात, आसावरी म्हणाली.
पुतणी माझी, तिथं काउंटरवर बसते.
काका, दगडच असतात हो, काळे, गुळगुळीत.
गरम करायचे आणि पाठीवर ठेवायचे.

सकाळी पंचगंगेवर गेलो.
पाणी बरंच उतरलेलं.
म्हशी धुणारं पोरगं म्हणालं, काय हरवलं काय, मामा?
म्हटलं, न्हाई रं, बायकोची पाठ दुखतीया.
ते हसलं नाही.
म्हशीच्या पोटाखाली हात घालून
चार चपटे काढून दिले त्यानं.
पाच माझे मला सापडले.

घरी ब्रशनं घासले.
मोठं पातेलं सापडेना म्हणून इडलीचं भांडं घेतलं,
तर शालननं आतून आवाज ओळखला.
"इडलीच्या भांड्यात काय वाजतंय?"
"दगड."
"बरं," म्हणाली.
छत्तीस वर्षांत तिला माझ्याकडून
याहून वाईट उत्तरं मिळालीत.

मी उद्यमनगरात भट्टीवर होतो.
लोखंड सांगतं, किती तापलंय ते.
आधी काळपट लाल, मग लालभडक,
मग संत्र्याच्या सालीगत,
मग बघवत नाही.
दगड काही सांगत नाही.
नदीतून काढलेला आणि उकळीतून काढलेला
दिसायला एकच.

माझे तळवे केव्हाच गेले.
तिचेही गेले, खानावळीत,
रोजच्या साठ भाकरी,
उलथणं तिला कधी लागलं नाही.
चार हात आहेत या घरात
आणि विस्तव कळेल असा एकही नाही.
मग दगड कोपराच्या आतल्या खळीत धरला,
बाळंतिणीनं अंघोळीचं पाणी बघावं तसा.
तिथली कातडी अजून लहान आहे.

"मी झोपतो पालथी," ती म्हणाली,
"पण भाजलं तर बघा."

घाण्याचं करडईचं तेल, जरा कोमट.
मणक्यावर नको, बाजूबाजूनं, आसावरीनं बजावलेलं.
पंचाची घडी, तिच्यावर पहिला दगड.
"ऊन हाय."
"काढू?"
"न्हाई. असू द्या."

ही पाठ मी जेवताना बघितलीय,
ती तव्याकडं तोंड करून बसायची
आणि मी ताटावरून म्हणायचो, आणखी एक.
डाव्या खांद्याखाली तीळ आहे.
मला माहीत नव्हता.
की होता, आणि मी विसरलो?
विचारलं नाही. दगड बदलला.

चौथ्यांदा भांड्यापाशी गेलो
तर पाण्यावर केशरी तवंग.
एका दगडाच्या खाचेत शेंदूर,
जुना, बोटभर.

"शालन," म्हटलं, "एक देव उकडला वाटतं."

बराच वेळ काही नाही.
मग पाठ हलायला लागली.
भाजलं की काय म्हणून धावलो,
तर ती हसत होती, उशीत तोंड खुपसून,
आणि दगड एकेक करून
चटईवर घरंगळत होते.

"सुट्टी घेऊन गेला असंल नदीला," ती म्हणाली.
"आणा तोबी. कमरेवर ठेवा.
तिथं लई दुखतंय."

मी तो आधी कपाळाला लावला,
मग कोपराच्या खळीत धरला,
मग तेलात बुडवला आणि ठेवला.
ती गप झाली.
खाली रस्त्यावर दुधाची गाडी येऊन गेली.
ती घोरायला लागली तेव्हा
दगड गार झाला होता,
तरी उचलायला धीर होईना.

भांडं तिनं दुसऱ्या दिवशी तीनदा घासलं.
आठ दगड मोरीत पडून आहेत.
नववा नदीत सोडून येतो म्हटलं,
तर नको म्हणाली.
लोणच्याच्या बरणीवर ठेवलाय,
झाकण उडतं ना तिचं.
शनिवारी रात्री उतरवते,
माझ्या हातात देते,
आणि पालथी होते.