तोयामा, दोन तास आठ मिनिटं

तू सांगायचास,
तुझ्या लहानपणी ही वाट अख्खी रात्र खायची.
उएनोला चढायचं, गुडघ्यावर बेंतोचा डबा,
पहाटे जाग आली की खिडकीला बर्फ चिकटलेला,
आणि मग तोयामा.
लग्नाला सोळा वर्षं झाली.
त्यातली अकरा मी एवढंच ऐकतेय:
"लांब आहे गं, फुमिए. मुलांना झेपायचं नाही."

मग त्यांनी डोंगर पोखरले.
दोन तास आठ मिनिटं, असं वेळापत्रकात छापून आलं.
तू ते वाचलंस, नीट घडी घातलीस
आणि ठेवून दिलंस ड्रॉवरमध्ये
विजेच्या बिलांखाली.

आज निघालोय.
काइतोने पायाने खटका दाबून अख्खं बाक फिरवलं,
आता चौघं समोरासमोर.
त्सुमुगी तेरा वर्षांची;
आईबापाची तोंडं बघत
ताशी अडीचशेने उलटं जाणं तिला मान्य नाही.
तिने हुड नाकापर्यंत ओढून घेतला.
काइतो बोगदे मोजतोय. सव्वीस. सत्तावीस.
एक इतका लांब, की मोजायचं विसरून
तो काचेतल्या स्वतःलाच वाकुल्या दाखवू लागला.
त्याच काचेत तूही होतास,
हातात ओनिगिरी तशीच,
शेवाळाचा पापुद्रा ओला होऊन बोटांना चिकटलेला.

इतोइगावापाशी दोन बोगद्यांच्या फटीत समुद्र आला,
करडा, घाईत असल्यासारखा.
"पाहिलात?" म्हणेस्तोवर गेलाही.

वडिलांच्या वेळी तू गेला नव्हतास.
काम होतं. खरंच होतं, मी साक्षीला आहे.
रजा मागितली नव्हतीस,
त्यालाही मीच साक्षीला आहे.

स्टेशनच्या पोटातूनच ट्राम सुटते.
तिथे तुझा थोरला भाऊ उभा, रबरी बूट घालून.
"गार आहे," योशिहिसा म्हणाले.
"आहे," तू म्हणालास.
अकरा वर्षांचा हिशोब एवढ्यात मिटला
की वही अजून उघडलीच नव्हती,
मला कळेना.

ट्राम निघाली. पुलावरून, दुकानांवरून,
एकेका दाराला नमस्कार करत असल्यासारखी.
"बिघडलीय का ही?" काइतोने विचारलं, मोठ्यांदा.
समोरच्या आजीबाई हसल्या.
"तातेयामा आज ढगात आहे," त्या म्हणाल्या,
घरात साखर संपल्याचं पाहुण्यांना सांगावं
तशा ओशाळून.

माझे सासरे औषधं घेऊन गावोगाव हिंडायचे.
घरोघरी एक पेटी ठेवायची, भरलेली.
वर्षाने परत जायचं, झाकण उघडायचं,
जेवढ्या पुड्या संपल्या तेवढ्यांचेच पैसे.
आधी दुखणं बरं होऊ दे, मग बघू.
तशीच एक लाल पेटी घरात फळीवर होती.
योशिहिसांनी ती खाली काढली,
पोटदुखीच्या गोळ्यांमागून
चौपदरी घडीचा एक कागद ओढला
आणि फुंकला.
चौकोनी फुगा झाला, लाल, निळा, पिवळा.
गिऱ्हाइकांच्या पोरांसाठी असायचा तो.

"आपल्याला कधी मिळाला नाही," तू एकदम बोललास.
"मोजून आणायचे," भाऊ म्हणाला. "कंपनीचे होते."
"एक मी चोरला होता."
"माहीत आहे. मार मी खाल्ला."

काइतोने दणका दिला. फुगा चेंबला, बसला.
"अलगद," काका म्हणाले. "तळव्याने. असं."
आणि खरंच, थोपटत राहिलं
तर तो आपला आपण भरत जातो,
न फुंकता.
मग दोन पिकल्या केसांचे भाऊ
पायमोज्यांत, तातामीवर,
एकाकडून दुसऱ्याकडे,
आणि त्सुमुगी हुड मागे टाकून मोजतेय,
एकेचाळीस, बेचाळीस, पडू देऊ नका!

"शेवटची गाडी किती वाजता रे?"
तू विचारलंस, हात वर करून.
"असतात पुष्कळ," योशिहिसा म्हणाले.
त्यांची नजर फुग्यावरच होती.