शेरा

साकोलीहून वायर आली तेव्हा सोसायटीच्या खोलीत
एक वजनकाटा होता, बर्फाची पेटी होती,
आणि दयाराम नान्हे होते,
एकतीस वर्षांचं लिखाणकाम, कानावर बॉलपेन.

"जेसन म्हंजे कोन? मिशनच्या दवाखान्यातला का?"

माणूस नाही काका, लिहायची तऱ्हा आहे.
गोंदियाचा बर्फवाला, नागपूरचा व्यापारी, मत्स्य खातं,
तिघांची यंत्रं तीन जातीची,
एकमेकांच्या ओसरीवर कधी बसलेली नाहीत.
पण साधी अक्षरं तिघांनाही वाचता येतात.
आपल्यालाही.

आधी महिरप उघडायची.
"देवघरावर असते तशी?"
तशीच. आत एक माणूस, नाहीतर एक दिवस, नाहीतर एक मासोळी.
डावीकडे नाव, मग दोन टिंबं, उजवीकडे त्याचं जे असेल ते.
शब्दाला दोन्ही बाजूंनी अवतरण लागतं,
चढताना डोंगा दोघांनी धरावा तसं.
आकड्याला नाही. आकडा स्वतः पोहतो.

"घे मंग. मरळ, चार किलो दोनशे पन्नास."
मी ४.२५० लिहिलं, त्यांच्याच वळणाचं.
नागपूरने नाकारलं.
आपला चार तिथे आकडा नसतो, काका.
अवतरणात बसवला तर जाईल, पण मग ते नुसतं नाव,
बेरजेला उतरत नाही.
काका बराच वेळ त्या चाराकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी सगळी खेप परत.
चौकोनी कंसात बावीस जणांची ओळ,
आणि शेवटच्या वच्छला दिघोरेनंतर एक स्वल्पविराम,
म्हणजे अजून कोणी येणार आहे,
आणि कोणी आलं नव्हतं.
"शेपटीच्या एका टिंबापायी बावीस जनाची मासोळी अडवली?"
हो.
"मंग हा जेसन तहसीलदारच हाय."

अवघड पुढे होतं, असं मला वाटलं.
रिकामं कसं सांगायचं.
शून्य वेगळं, रिकामा कंस वेगळा, आणि नल वेगळं,
मी रात्री पाठ करून आलो होतो.
काकांनी रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं.
जिथे शून्य, तिथे जाळं टाकलं होतं, लागलं काही नाही.
जिथे आडवी रेघ, तिथे काटा बंद, वजन ठाऊक नाही.
एक पान कोरं होतं.
"त्या दिवशी तलावातून जे काढलं
थे मासोळी नव्हती," काका म्हणाले.
मी पान उलटलं.

प्रत्येक पानाच्या समासात लाल शाईची बारीक ओळ.
हे जाणार नाही, मी म्हटलं, समास नाही तिथे.
"काहून?"
बनवणाऱ्याने ठेवलाच नाही. म्हणतात, समास दिला असता तर
लोकांनी त्यात यंत्रांसाठी भलतेच हुकूम लपवले असते.
काका कान खाजवत बसले. बॉलपेन खाली पडलं.
"मंग त्यालेच नाव दे ना.
डावीकडे शेरा लिही. उजवीकडे मी सांगतो थे."

कुठे अडलं नाही.
जी चावी ओळखीची नाही ती ही यंत्रं सोडून देतात.
गोंदियाने सोडली. नागपूरने सोडली.
खात्याचं अजून कळलेलं नाही.
आठ महिने झाले, रोज जाते:

"शेरा": "पानी हिरवं. रोहू वर येऊन तोंड उघडते."
"शेरा": "वाऱ्यानं काटा हलते. अर्धा पाव कमी धरा."
"शेरा": "आज कोनी भांडलं नाही."

काल काकांनी मला उठवलं, स्वतः बसले.
एका बोटाने, अक्षर शोधत शोधत:

"शेरा": "डोंगा नवा. खालून डांबर दोनदा. गळत नाही"

पूर्णविराम राहिला, मी म्हटलं.
"राहू दे."
मग महिरप मिटायची कळ कुठे आहे
ते विचारलं.