मागची बाजू

जुन्या बाजारात, एका बुधवारी,
पान्हे, पितळी नळ आणि डोळे न मिटणारी एक बाहुली
यांच्या मध्ये ती तबकडी पडली होती.
छोटी, पंचेचाळीसची. वीस म्हणाला, पंधराला दिली,
वर सल्ला: वाजली नाही तर भिंतीवरचं घड्याळ करा तिचं.

पुढच्या बाजूला 'लॅम्ब्रेटावाला'.
ते अजून कुणाकुणाला येतं,
कुणाच्या पंचाहत्तरीला एखादे काका त्यावर टाळ्या मागून घेतात.
मागच्या बाजूला 'उद्या सुट्टी नाही'.
ते कुणालाच येत नाही. मी विचारून पाहिलंय.

दोन मिनिटं चाळीस सेकंद.
एक अकॉर्डियन, एक बाँगो. गिटार असावी, नसेलही.
रविवारची संध्याकाळ, खडकीच्या कारखान्यातली मुलगी
केस धुऊन गच्चीत बसलीय
आणि सूर्याला म्हणतेय, घाई कसली, चहा टाकते.
एवढंच गाणं.
आवाज गोड नाही.
दिवस गोड आवाजांचे होते, तेव्हा ही अशी गायली,
कठड्यावरून शेजारणीशी बोलावं तशी,
सूर भाजीच्या पिशवीसारखा धरून,
मधेच या हातातून त्या हातात.

आणि तिसऱ्या कडव्यात ती चुकते.
'उद्या'च्या जागी 'परवा' म्हणून जाते,
आणि चूक कळल्याचं हसू
पुढच्या 'नाही'त शिरतं.
सुई उचलून मी कितीदा तिथेच ठेवलीय.
आता तिथे एक ओरखडा आहे. तो माझा.

मी घरोघरी जाऊन रक्त घेतो, पहाटे साडेसहापासून.
गेल्या सोमवारी रास्ता पेठ, दुसरा मजला,
फॉर्मवर: मिल्का किहिमकर, वय ब्याऐंशी, उपाशी पोटी.
चौकटीला तिरकी ठोकलेली चिमुकली डबी,
आत एक खाट, एलआयसीचं कॅलेंडर,
गाण्याची खूण म्हणावी असं काहीच नाही.
"शीर सापडत नाही कुणाला. डाव्या हाताची बघ."
पट्टा बांधला, आणि विचारलं,
हातात सुई असताना विचारायला नको होतं:
"उद्या सुट्टी नाही... तुमचंच का?"

"लॅम्ब्रेटा म्हणायचंय तुला."
"नाही. मागचं."
तिची मूठ उघडली.
मी म्हटलं, मूठ मिटा.

"त्यात चुकलेय मी," ती म्हणाली, छताकडे बघत.
"अकॉर्डियनवाल्याला वरात गाठायची होती,
आणि परत घ्यायला पैसे कुठले.
टेलिफोन ऑफिसातल्या पोरी वर्षभर
परवा, परवा करून चिडवायच्या."
मग थोड्या वेळाने: "तुला ऐकू आलं ते?"
"त्यासाठीच ऐकतो."

नळी भरत होती. तिने वाकून पाहिलं.
"बरंच शिल्लक आहे की."

ती गायली नाही. मी गा म्हटलं नाही.
कोपर दुमडून कापूस दाबला तिने,
चहा कधी घेऊ, विचारलं.
आत्ता, म्हटलं.

तबकडीवर छापलंय 'कु. मिलन किहीकर'.
त्याबद्दल ती काही बोलली नाही, मीही नाही.
नळीच्या चिठ्ठीवर मात्र सावकाश लिहिलं,
मिल्का, ल अर्धा.
किहिमकर, म धरून.
माझं अक्षर वाईट, लॅबमध्ये रोज बोलणी खातो.
त्या दिवशी कुणी काही म्हणालं नाही.

पुढचं घर नाना पेठेत, साखरेचे आजोबा,
उशीर झाला की भांडतात.
अर्धा जिना उतरलो तेव्हा आठवलं, सांगायचं राहिलं,
खालूनच ओरडलो, "रिपोर्ट उद्या मिळेल!"

वरून, कठड्यावरून, तोच आवाज:
"परवा दे."
आणि मग ते, जे मी पंधरा रुपयांना घेतलं होतं.